गोऱ्हा झाला

गाय व्याली की गोठ्यात पहिला प्रश्न एकच असतो: काय झालं? ‘कालवड’ असं उत्तर आलं की घरातली बाई लगबगीने चीक काढायला पातेलं आणते आणि दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी खरवसाच्या वाट्या जातात. ‘गोऱ्हा’ असं उत्तर आलं तरी चीक निघतो, खरवसही होतो, पण कोणी फार बोलत नाही. संगमनेर तालुक्यात माझ्या मामेभावाचा सहा गाईंचा गोठा आहे, सगळ्या एचएफ, म्हणजे होल्स्टीन या विदेशी जातीच्या, संकरित. सणावाराला तिथे जाणं होतं. गोऱ्ह्याच्या जन्मानंतरचं हे गप्प बसणं लहानपणी मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल. आजोबा त्याचा भोवरा कुठे आहे, खूर काळे की पांढरे, शेपूट किती लांब, हे बघण्यात सकाळ घालवायचे.

आताचा हिशेब सरळ आहे. वासरू जन्मतं तीसेक किलोचं. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं दूध रोज पाजायचं म्हणजे तीन लिटर. दोन-अडीच महिने पाजलं तर दोनशे लिटरच्या आसपास. लिटरला 30 रुपये भाव धरला तर 6000 रुपये वासराच्या पोटात गेले. कालवडीच्या पोटात गेले तर वाया जात नाहीत, दोन-अडीच वर्षांत ती स्वतःच दुधावर येते. गोऱ्ह्याचं काय? एचएफच्या बैलाला वशिंड नाही, त्यामुळे मानेवर जू नीट बसत नाही. ऊन सोसत नाही, दुपारी औताला धरला तर तोंडाला फेस येतो. आणि औत तरी कुठे राहिलंय, नांगरटीला ट्रॅक्टर येतो. पैदाशीलाही तो नको. गाय माजावर आली की फोन करायचा, डॉक्टर मोटरसायकलला नायट्रोजनचं भांडं अडकवून येतो आणि त्यातली रेताची कांडी वापरून दहा मिनिटांत काम उरकून जातो. म्हणजे जन्मलेल्या दर दोन वासरांमागे एक असं, की ज्याला या जगात काम नाही.

आमच्या वहिनी वासरांना पाजतात ते बघण्यासारखं असतं. वासरू आईखाली सोडत नाहीत, पहिल्या दिवशीच वेगळं करतात. मग त्याला बादलीतून पिणं शिकवावं लागतं. वहिनी दोन बोटं कोमट दुधात बुडवून वासराच्या तोंडात देतात. ते बोटं चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत खाली नेतात, नाकपुड्या बुडतात, वासरू फुरफुरतं, मान झटकतं, पुन्हा बोटं शोधतं. दोन-तीन दिवसांत आपलं आपण पितं. हे कालवडीला आणि गोऱ्ह्याला दोघांनाही त्याच मायेने शिकवलं जातं. फरक नंतर पडतो. गोऱ्ह्याच्या बादलीत पहिल्या आठवड्यानंतर पाणी वाढत जातं. मग कधी हगवण लागते. डॉक्टरला दोनशे-तीनशे रुपये द्यायचे की नाही, हा प्रश्न घरात मोठ्याने कोणी विचारत नाही. पंधरा दिवसांनी गेलं की दावं रिकामं असतं. विचारलं तर “टिकला नाही” एवढंच. जे टिकतात त्यांतले काही कुणीतरी घेऊन जातं, कोण आणि कुठे ते न विचारता. काही बाजाराच्या मागच्या बाजूला, देवळापाशी, घाटात सोडलेले सापडतात. हे एका गोठ्याचं नाही, पंचक्रोशीचं आहे, आणि पंचक्रोशीचंही नाही. 2019 च्या पशुगणनेत देशातलं गोवंशाचं पशुधन 19 कोटींच्या वर भरलं, त्यात माद्या साडेचौदा कोटींच्या आसपास आणि नर पाच कोटींहून कमी. जन्माला तर अर्धेअर्धेच येतात. उरलेले कुठे गेले, याचा रकाना पशुगणनेच्या तक्त्यात नाही.

माझी भाची पुण्यात नोकरी करते आणि तिने दूध सोडलं आहे. ती व्हीगन झाली आहे, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच खात नाही. मांस आमच्याकडे आधीपासूनच नाही, त्यामुळे तिला सोडायला दूधच उरलं होतं. सुरुवातीला घरात चेष्टा झाली. मग काळजी झाली, मग बी-12 ची गोळी ती नियमित घेते हे कळल्यावर काळजी ओसरली आणि पुन्हा चेष्टा सुरू झाली. प्रत्येक घरात एक काका असतो जो अशा वेळी जगदीशचंद्र बोसांना मदतीला बोलावतो: वनस्पतींनाही जीव असतो, मग काय दगड खायचे का? या प्रश्नाला भाचीने एकदाच उत्तर दिलं. “काका, वनस्पतींची एवढी दया येत असेल तर गाय आधी बंद करा. ती दिवसाला वीस-पंचवीस किलो हिरवा चारा खाते, त्यातून आपल्याला तांब्याभर दूध मिळतं.” काकांनी पेपर उघडला.

तिचं म्हणणं साधं आहे आणि ते खोडून काढायला मला अजून तरी नीट जमलेलं नाही. ती म्हणते, मटण खाणाऱ्याला निदान माहीत असतं की आपल्यासाठी बोकड कापला गेला. दूध पिणाऱ्याला वाटतं आपल्यासाठी कोणी मेलंच नाही. प्रत्यक्षात गाय दूध देते ती व्याली म्हणून, आणि दर वर्ष-सव्वा वर्षाने व्यायला लागते म्हणून दर वर्ष-सव्वा वर्षाने एक वासरू येतं. निम्मे गोऱ्हे. ते जगवायचे नाहीत असं ठरलेलंच असेल, तर श्रीखंडाच्या वाटीत आणि मटणाच्या ताटात फरक किती राहिला? फरक आहे तो अंतराचा. मटण दुकानात टांगलेलं दिसतं. गोऱ्हा दिसत नाही.

ही गोष्ट आपल्या जुन्या बायकांना ठाऊक नव्हती असं मला वाटत नाही. वसुबारसेला माझी आई गाय-वासराची पूजा करते आणि त्या दिवशी दूध, दही, ताक, तूप काही घेत नाही. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपास सोडते. ही रीत सगळीकडे सारखी नाही, पण बऱ्याच घरांत आहे. भाची तिला म्हणाली, “आजी, वर्षातला एक दिवस तू व्हीगन असतेस.” आई म्हणाली, “एक दिवस वासराचा, बाकीचे आपले. तो एक दिवस तरी कोण पाळतंय आता?” मला या उत्तरात धर्मापेक्षा कबुली जास्त ऐकू आली. वासराच्या वाट्याचं आपण घेतो, हे मान्य करून वर्षातून एकदा हात आखडता घ्यायचा. पण त्या कबुलीच्या काळात गोऱ्ह्याचा बैल होत होता. आता पूजेच्या पाटावर कालवडच असते.

दुधाबद्दलची टोचणी भारतात इंग्रजी शिकलेल्या पुण्या-मुंबईच्या पोरांनी आणली, असं म्हणणाऱ्यांना गांधींचं उदाहरण देतो. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर असताना त्यांनी दूध सोडलं. व्हीगन सोसायटी लंडनकडे 1944 साली निघाली, त्याच्या बत्तीस वर्षं आधी. कारणांमध्ये एक कारण कलकत्त्याच्या गवळ्यांचं होतं: गाय पान्हा चोरायला लागली की तिच्या योनीमार्गात फुंकर मारून दूध उतरवायचं, त्याला फुका म्हणत. ते वाचून त्यांना दुधाची किळस आली. पुढे 1918 मध्ये गुजरातेतल्या खेडा सत्याग्रहानंतर आमांशाने ते अंथरुणाला खिळले. माथेरानला हवापालट झाला, उपयोग झाला नाही. मुंबईत डॉ. दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय अंगात काही भरणार नाही. गांधी म्हणाले, दूध न घेण्याचं व्रत आहे. खाटेशेजारी कस्तुरबा उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मग शेळीचं घ्यायला काय हरकत आहे? व्रत घेताना मनात गाय आणि म्हैसच होत्या, या आधारावर गांधींनी शेळीचं दूध घेतलं आणि जगले. पण आत्मचरित्रात त्यांनी लिहून ठेवलं की व्रताचं अक्षर पाळलं, आत्मा मारला, आणि ही सल जात नाही. आपण शाळेत गांधींची शेळी शिकलो. सल कोणी शिकवली नाही.

फुका आता बेकायदा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात त्याच्यासाठी स्वतंत्र कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. फुंकरीच्या जागी काही गोठ्यांत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आलं, तो भाग वेगळा. त्याच कायद्यात जनावराला मारझोड करणं, उपाशी ठेवणं, जास्त ओझं लादणं यासाठी पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. 1960 मध्ये 50 रुपयांना किंमत होती, आज त्यात अर्धा लिटर तूपही येत नाही. गोऱ्ह्याच्या बादलीत पाणी वाढवलं म्हणून कोणावर खटला भरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

याउलट कापण्याचा कायदा कडक आहे. 1976 च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाय आणि तिची वासरं कापायला बंदी केली. बैल आणि वळू त्यात आणणारी दुरुस्ती 1995 मध्ये मंजूर झाली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली 2015 मध्ये. पाच वर्षांपर्यंत कैद. म्हैस आणि रेडा त्यातून वगळलेले. आता हा कायदा गोठ्यात उभं राहून वाचून बघा. गोऱ्हा जन्माला घालायला बंदी नाही, कारण तो जन्मल्याशिवाय दूध नाही. त्याला विकायला पूर्वी गिऱ्हाईक होतं, ते गेलं. मारायला बंदी आहे. सांभाळायला पैसे कोणी देत नाही. 30 सप्टेंबर 2024 ला राज्याने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे रोज 50 रुपये द्यायचं ठरवलं. मामेभावाच्या गाई देशी नाहीत, आणि गोऱ्हा तर मातेच्या व्याख्येत बसणं शक्यच नाही. मग कायद्याने जे बंद केलं ते अंधारात गेलं, किंवा उपासमारीवर गेलं. सुरीने मेला तर गुन्हा आणि पाण्याने मेला तर नशीब, हे कुठल्या अहिंसेत बसतं ते मला कळत नाही.

रेड्याची गोष्ट तर अजून मजेची. पुण्याहून संगमनेरला जाताना आळेफाटा लागतो. तिथून जवळ आळ्याला रेड्याची समाधी आहे, पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची. लोक श्रद्धेने जातात, मीही गेलो आहे. आणि त्याच रस्त्याने रेड्याची बाकी सगळी जमात ट्रकमधून खाटीकखान्याकडे जाते. ते कायदेशीर आहे. म्हशीचं मांस परदेशी पाठवणाऱ्या देशांत भारत अगदी वरच्या रांगेत आहे. आपण सर्वांत जास्त दूध काढणारा देश आहोत हे अभिमानाने सांगतो, 2023-24 मध्ये जवळपास 24 कोटी टन. या दोन गोष्टी एकाच गोठ्यातून निघतात, हे मात्र एका वाक्यात कोणी सांगत नाही.

इथपर्यंत मी भाचीच्या बाजूचा आहे. पुढे थोडं अडखळायला होतं.

आपल्याकडे जनावरांवरच्या दयेचा उपयोग जनावरांसाठी कमी आणि माणसं मोजण्यासाठी जास्त झाला. शाकाहारी सोसायटीत भाड्याने घर शोधणाऱ्याला विचारा. मेलेलं ढोर गावाबाहेर ओढायचं काम महारांच्या गळ्यात मारायचं, त्यांना पोट भरायला दुसरं काही ठेवायचं नाही, आणि मग ते तसलं खातात म्हणून त्यांना बाटलेले ठरवायचं. 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं ते माणसाच्या अब्रूसाठी. गाईच्या पावित्र्याशी त्याचा संबंध नव्हता. 2016 मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारहाण केली, तेव्हा तिथल्या लोकांनी मेलेली जनावरं उचलायलाच नकार दिला. तुमची आई आहे, तुम्ही पुरा. त्या नकारात प्राण्यांच्या नीतीवरचं जे भाष्य आहे ते मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा नेमकं वाटतं. गाईला आई म्हणणारा तिचं दूध घेतो, भाकड झाली की विकतो, मेली की दुसऱ्याला ओढायला लावतो, आणि पवित्र मात्र तोच राहतो. भाचीचा पंथ निदान हे सोवळं मोडतो. श्रीखंडवाला आणि सुकटवाला तिच्या पिंजऱ्यात शेजारी शेजारी उभे असतात. मला त्यातला हा भाग सगळ्यात आवडतो, आणि शाकाहारी नातेवाइकांना नेमका हाच झोंबतो.

पण दुसरी बाजूही गोठ्यातलीच आहे. गावाकडच्या गरीब घराचं रोजचं जेवण दुधाशिवायचंच होतं. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याचं कुटकं, कारळाची चटणी, कोरा चहा. दूध असलं तरी ते विकायचं असायचं, पोरांना ताक. 1970 नंतर दूधमहापूर योजनेने गावोगाव संकलन केंद्रं आली, फॅट मोजायचं यंत्र आलं, आणि दर दहा दिवसांनी ‘दुधाचा पगार’ यायला लागला. ऊस अठरा महिन्यांनी पैसे देतो, कांदा तर देईल की नाही सांगता येत नाही. दूध दहा दिवसांनी देतं, आणि अनेक घरांत ते पैसे बाईच्या हातात पडतात. मामेभावाची थोरली मुलगी नर्सिंग शिकली ती गाईंवर. दुष्काळात तीन एकर कोरडं पडलं तेव्हा छावणीतून चारा आणून का होईना, घर चाललं ते गाईंवर. या माणसाला पुण्यातल्या कॅफेत बसून, दुधाच्या तिप्पट-चौपट भावाचं ओटाचं पेय पीत, तू क्रूर आहेस असं सांगायला मला तोंड नाही. भाचीलाही नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती गोठ्यात येते, शेण भरते, वासरांना पाजते. फक्त चहा कोरा घेते.

मामेभावाने दोन वर्षांपूर्वी मुक्त संचार गोठा केला. दावी काढली, भोवती जाळी मारली, मध्ये पाण्याची टाकी, एका कोपऱ्यात खाजवायला ब्रश. गाई हव्या तेव्हा उठतात, बसतात, एकमेकींना चाटतात. पाय सुजायचे थांबले, दगडी, म्हणजे कासेची सूज, कमी झाली, दूध थोडं वाढलं. प्राण्यांच्या नीतीवर लिहिणाऱ्यांमध्ये जे दोन घाट, म्हणजे विचारांचे दोन प्रवाह, आहेत ते मला या गोठ्यात नीट समजले. एक घाट इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमपासूनचा. 1789 मध्ये तो विचारून गेला की प्राणी विचार करतो का, बोलतो का हा प्रश्नच नाही, त्याला दुखतं का हा प्रश्न आहे. 1975 नंतर ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगरने तोच धागा पुढे नेला. त्या बाजूने पाहिलं तर जाळीतला गोठा दाव्यातल्या गोठ्यापेक्षा निश्चित बरा, आणि प्रत्येक ब्रश ही प्रगती. दुसरा घाट अमेरिकन तत्त्वज्ञ टॉम रेगनचा. त्याचं म्हणणं असं, की जनावराला स्वतःचं जगणं आहे, ते जगणं दुसऱ्याच्या उपयोगासाठी नाही. मग गोठा कितीही मोकळा असो, प्रश्न राहतो की ही गाय इथे कोणासाठी आहे. ब्रश बघून सिंगर मान डोलावेल. रेगन विचारेल, गोऱ्हे कुठे आहेत?

सर्वोच्च न्यायालयही या दोन घाटांमध्ये येऊन-जाऊन आहे. 2014 मध्ये जल्लिकट्टूच्या, म्हणजे तामिळनाडूतल्या बैलांच्या खेळाच्या, निकालात न्यायालयाने प्राण्यांच्या प्रतिष्ठेची, भूक-भीती-वेदनेपासूनच्या मुक्ततेची भाषा केली आणि आपल्या बैलगाडा शर्यतीही बंद पडल्या. मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्यांचे दुरुस्ती कायदे उचलून धरले आणि शर्यती कायम झाल्या. शर्यतीत बैलाला जे सोसावं लागतं त्याचं समर्थन मी करणार नाही, शेपटी पिरगाळलेली मी जवळून पाहिली आहे. पण एक गोष्ट डाचते. आज आमच्या भागात ज्या एकाच नर वासराच्या जन्माला पेढे वाटतात, तो म्हणजे शर्यतीचा खिल्लार खोंड. त्याला लाखांत भाव आहे, त्याला अंडी आणि दूध पाजतात, पंख्याखाली बांधतात. शर्यत बंद पडली की तोही गोऱ्ह्यांच्या रांगेत जाईल. जनावराने आपल्याला काहीतरी दिलं तरच त्याला जगू द्यायचं, हा करार आपण इतका पक्का केलाय की क्रूरता थांबवायला गेलं तरी मरण त्याच्याच वाट्याला येतं.

सरकारने यावर तोड काढली आहे ती लिंग ठरवलेल्या रेताची. त्या कांडीने दहापैकी नऊ वेळा कालवड होते. मामेभाऊ आता तीच मागवतो. ज्या राज्याने 1988 मध्ये, देशात सर्वांत आधी, गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला त्याच राज्यात गोठ्यात हे अनुदानावर मिळतं. माणसांत मुलगी नको होती, जनावरांत मुलगा नको. तरी मला ही तोड वाईट वाटत नाही. जन्मून हगवणीने मरण्यापेक्षा न जन्मणं बरं, इतपत मी बेंथमच्या बाजूचा आहे. भाचीला ती पळवाट वाटते. तिच्या मते गोऱ्हा नाहीसा केल्याने गाईचं काही बदलत नाही. तीही भाकड झाल्यावर जातेच.

गेल्या दिवाळीत जेवणं झाल्यावर ओट्यावर याच विषयावर बसलो होतो. मामेभावाने भाचीला विचारलं, “समज मी एकही जनावर विकायचं नाही, मारायचं नाही, मरेपर्यंत सांभाळायचं असं ठरवलं. मग पिशील का माझ्या गाईचं दूध?” ती म्हणाली, “हिशेब करून बघू, मामा.” मोबाईलवर तिघांनी मिळून केला. एका बैलाला वैरणपाण्याचा खर्च दिवसाला कमीत कमी 100 रुपये, म्हणजे वर्षाचे साडेछत्तीस हजार. तो जगणार पंधरा वर्षं धरा, साडेपाच लाख. दर दोन वेतांमागे, म्हणजे दोनदा व्याल्यावर, एक गोऱ्हा. एका वेताला विकायला जाणारं दूध तीन हजार लिटर, दोन वेतांचं सहा हजार. म्हणजे नुसत्या गोऱ्ह्यापायी लिटरमागे नव्वदएक रुपये. गाय भाकड झाल्यावर सहा-सात वर्षं सांभाळायची, तो खर्च तिच्या आयुष्यभराच्या दुधावर वाटला तर लिटरमागे चौदा-पंधरा. मूळचे 30. शेतकऱ्याच्या हातात लिटरला 135 रुपये पडले पाहिजेत, पुण्यात दारात पिशवी येईपर्यंत 160 च्या पुढे. यात मजुरी, डॉक्टर, छप्पर काही धरलेलं नाही.

पैशाचं तरी एकवेळ जमेल, असं मला तोपर्यंत वाटत होतं. मग भाचीने जागेचा हिशेब मांडला. गाय वर्षाला एकदा व्याली, निम्मे गोऱ्हे, प्रत्येक जण पंधरा वर्षं जगला, तर एका दुभत्या गाईमागे सात-आठ बैल कायमचे उभे. सहा गाईंमागे 45. मामेभावाने ओट्यावरून खाली तीन एकरांकडे पाहिलं. “कापशीत बांधू का उसात?” तो म्हणाला. “चारा कुठून आणू? आणि सगळ्या नगर जिल्ह्याने असं ठरवलं तर?”

“म्हणून तर मी सोडलं,” भाची म्हणाली.

“सोड की. पण तू सोडलंस म्हणून माझ्या सहा गाई कुठे जाणार, ते सांग.”

यावर तिच्याकडे जे उत्तर आहे ते वाईट नाही: एका रात्रीत कोणी दूध सोडत नाही, मागणी हळूहळू उतरली तर गाई कमी भरवल्या जातील, गोठे एका पिढीत लहान होतील. पण त्या एका पिढीत दर दहा दिवसांचा पगार कोण देणार, हे तिच्या हिशेबात नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं. मला तिचा हा गुण फार मोलाचा वाटतो. व्हीगन लोकांशी वाद घालताना आपण त्यांच्याकडून संपूर्ण जगाचा आराखडा मागतो आणि स्वतःकडून एका गोऱ्ह्याचाही मागत नाही. तिच्याकडे अर्धा आराखडा आहे. माझ्याकडे तेवढाही नाही.

आमच्या घरी रोज दीड लिटर दूध यायचं. मरेपर्यंत सांभाळलेल्या जनावरांचं दूध घ्यायचं म्हटलं तर महिन्याला साडेसात हजार रुपये झाले असते. बायको म्हणाली, एवढ्यात महिन्याचा किराणा येतो. मग आम्ही अर्ध्या लिटरवर आलो. मी चहा कोरा घ्यायला लागलो आहे, दही आठवड्यातून दोनदा, तूप अजून सुटलेलं नाही. भाचीच्या मते हा अर्धवटपणा आहे, आईच्या मते थेरं. मामेभाऊ म्हणतो, “दादा, तू एक लिटर कमी केलंस त्याने मला फरक पडत नाही. पण जे अर्धा लिटर घेतोस त्याला लिटरमागे 60 च्या जागी 100 रुपये द्यायची तयारी असेल तर सांग. पहिले तीन महिने गोऱ्ह्याला पाणी न घालता पाजीन, पुढचं पुढे बघू.” मी हो म्हटलं आहे. सोसायटीतल्या आणखी चार घरांना विचारलं. दोघांनी विचारलं, दूध देशी गाईचं आहे का?